आजीच्या वाट्याचं तेल: अमेरिकेत वारसाहक्काने आलेले मिनरल राइट्स सांभाळायचे कसे

माझ्या नवऱ्याची आजी गेली तेव्हा तिच्या कपाटात बुटांचा एक खोका निघाला, आत रबरबँड लावलेले चेकचे स्टब, म्हणजे चेकसोबत येणारे हिशोबाचे कागद, वर्षावर्षाचे वेगळे गठ्ठे. जुन्या वर्षांचे दर महिन्याचे, अलीकडचे वर्षाला एकच, आणि सगळ्यात वरचा १७ डॉलर ४२ सेंटचा. सासूबाई म्हणाल्या हे आईचे तेलाचे पैसे, यातूनच ती नातवंडांना वाढदिवसाची पाकिटं द्यायची. आम्ही खोका बाजूला ठेवला. दोन महिन्यांनी सासूबाईंच्या पत्त्यावर एक जाड लिफाफा आला, आत छानसं पत्र, ४०,००० डॉलरचा ड्राफ्ट आणि दोन पानांचा कागद, की इथे सही करा, नोटरी करा, परत पाठवा. सासूबाई रिटायर्ड शिक्षिका, घराचं छप्पर बदलायचं होतं, त्या खरंच पेन शोधत होत्या. मी म्हटलं थांबा. मला तेलातलं तेव्हा काहीही कळत नव्हतं, पण मी सांगलीकडची, चुलत्यांच्या वाटण्या आणि फेरफाराचे घोळ बघत मोठी झाले, त्यामुळे कोण अचानक एवढ्या प्रेमाने पैसे घेऊन दारात आलं की आधी उतारा बघायचा हे अंगात भिनलेलं.

त्यानंतरच्या दोन वर्षांत जे कळलं ते इथे लिहितेय. आपल्यातल्या बऱ्याच घरांत आता हा विषय येतो, कुणाची सून किंवा जावई टेक्सास, ओक्लाहोमाकडचे असतात, कुणी ह्यूस्टनमध्ये चाळीस वर्षं राहिलेल्या काकांनी गुंतवणूक म्हणून मिनरल्स, म्हणजे जमिनीखालच्या खनिजाचे हक्क, घेऊन ठेवलेली असतात आणि वारस पुण्यात असतात. आमची जमीन टेक्सासमधली, त्यामुळे बहुतेक नियम टेक्सासचे सांगतेय, दुसऱ्या राज्यात फरक पडतो.

आधी मूळ गोष्ट, जी आपल्या डोक्यात बसायला वेळ लागतो. आपल्याकडे जमीन माझी असली तरी खालचं खनिज माझं नसतं. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ चं कलम ४८ बघा, खनिजांवरचा हक्क सरकारचा असं सरळ लिहिलंय. मुंबईच्या समुद्रात १९७४ साली बॉम्बे हायला तेल लागलं, त्याची रॉयल्टी केंद्र सरकारला जाते, किनाऱ्यावरच्या कुणा गावकऱ्याला नाही. टेक्सासमध्येही आधी असंच होतं बरं का! स्पेनच्या राजाचा कायदा होता, खनिज राजाचं, मग मेक्सिकोने तेच चालवलं, पुढे टेक्सासनेही. मग १८६६ च्या राज्यघटनेत त्यांनी खनिजं जमीनमालकाला सोडून दिली, त्यामागे दक्षिण टेक्सासमधल्या मिठाच्या एका तळ्याचा वाद होता, तेलाचं कुणाच्या डोक्यातही नव्हतं. १० जानेवारी १९०१ ला बोमाँटजवळ स्पिंडलटॉपला तेलाचा फवारा उडाला तोपर्यंत हक्क शेतकऱ्यांच्या हातात जाऊन पस्तीस वर्षं झाली होती.

आणि हक्क मालकाचा म्हटल्यावर मालक तो वेगळा काढून विकू शकतो. वरची जमीन म्हणजे सर्फेस आणि खालचं खनिज म्हणजे मिनरल इस्टेट, दोन वेगळ्या मालमत्ता, दोघांचे मालक वेगळे असू शकतात. आमच्याकडे तसंच झालं होतं. नवऱ्याच्या पणजोबांची पश्चिम टेक्सासमध्ये रीव्हज काउंटीत १६० एकर जमीन होती, पाण्याची बोंब, कापूस जगेना, १९४८ साली त्यांनी ती विकली पण विकताना अर्धे मिनरल्स स्वतःकडे राखून ठेवले. खरेदीखतातलं एक वाक्य. तिथल्या जमिनीवर आमचा आज एक दगडही नाही, पण खालच्या तेलात हिस्सा आहे. आणि टेक्सासच्या कायद्यात मिनरलवाल्याचा हक्क वरचढ मानतात, तेल काढायला जेवढी लागेल तेवढी जमीन वापरायला वरच्या मालकाला नाही म्हणता येत नाही.

आता हिस्सा किती. १६० एकरातला अर्धा म्हणजे ८० एकर, याला तिकडे नेट मिनरल एकर म्हणतात. पणजोबांना चार मुलं, आजीचे २०. आजीला दोन मुलं, सासूबाई आणि त्यांचा भाऊ, म्हणजे प्रत्येकी १०. आपल्या जुन्या सात-बाऱ्यावर चार आणे, दोन आणे असा हिस्सा लिहायचे ना, अगदी तेच, फक्त इथे ते दशांशात आठ घरांपर्यंत जातं.

पण हा हिशोब आपण घरी बसून केला म्हणून तो खरा होत नाही, आणि सगळ्यात महत्त्वाचं काम इथेच आहे: नाव लावणं. तेलाचा पैसा कागदामागे चालतो. आपल्याकडे वडील गेल्यावर तलाठ्याकडे वारस नोंद केली नाही तर जमीन कसताय तुम्ही आणि उताऱ्यावर नाव आजोबांचं असं होतं, आणि मग कर्ज काढायला किंवा विकायला गेलं की अडतं, तिथेही तसंच. फरक एवढाच की तिथे तलाठी नाही, काउंटी क्लर्क असतो, आणि तो कुणाचं नाव लावत किंवा कमी करत नाही, तो फक्त तुम्ही आणलेला कागद नोंदवून ठेवतो. कोण मालक हे ठरवायला आधीपासूनचे सगळे कागद एकामागे एक लावून वाचावे लागतात, पहिल्या मालकापासून आजपर्यंत साखळी जुळली पाहिजे. याला चेन ऑफ टायटल म्हणतात आणि हे वाचायचं काम करणारी माणसं असतात, लँडमन, बाई असली तरी लँडमनच म्हणतात.

आम्ही स्वतः पेकोसला गेलो, रीव्हज काउंटीचं मुख्य गाव, ह्यूस्टनहून जवळजवळ दिवसभराचा ड्राइव्ह. कोर्टहाऊसमध्ये उभ्या कपाटांत ही मोठी बांधीव रजिस्टरं, एक उचलायला दोन हात लागतात. विकणाऱ्याच्या नावाची सूची वेगळी, घेणाऱ्याच्या नावाची वेगळी, त्यात वर्ष आणि आडनाव शोधायचं, समोर व्हॉल्यूम आणि पान नंबर, मग ते रजिस्टर काढायचं. १९४८ चं पान मिळालं, टाइपरायटरची अक्षरं थोडी वर-खाली झालेली, आणि मधोमध ते वाक्य, विकणारा आपल्या आणि आपल्या वारसांसाठी अर्धे मिनरल्स राखून ठेवतो आहे. सासूबाईंनी त्यावर बोट ठेवलं आणि खूप वेळ काही बोलल्या नाहीत. त्यांच्या आजोबांची सही होती खाली.

त्या पानानंतर मात्र साखळी तुटलेली होती. पणजोबा १९६१ साली मृत्युपत्र न करता गेले आणि कुणी कुठे काही नोंदवलंच नव्हतं. जुन्या विहिरीची कंपनी आजीला तिच्या शब्दावर चेक पाठवत राहिली, १७ डॉलरसाठी कोण कागद मागतो. पण नवी कंपनी आली, तिच्या वकिलाने टायटल तपासलं आणि विचारलं की आजीकडे हे आलं कसं. तेव्हा आम्ही ॲफिडेव्हिट ऑफ एअरशिप केलं, म्हणजे वारसांचं प्रतिज्ञापत्र. कुटुंबाला ओळखणारी पण ज्यांचा काही फायदा नाही अशी दोन माणसं साक्षीदार लागतात, ते सांगतात की हा माणूस अमुक साली गेला, लग्न एकच, मुलं इतकी, नावं ही. १९६१ सालच्या माणसाला ओळखणारे साक्षीदार शोधताना आमची दमछाक झाली, शेवटी शेजारच्या शेतावर वाढलेल्या एक बाई सापडल्या, वय ८८, त्यांना सगळं आठवत होतं, पणजोबांच्या घोड्याचं नावसुद्धा. म्हणून कळकळीने सांगते, घरात कुणी जुनं माणूस असेल तर हे काम आज करा, साक्षीदार थांबत नाहीत. हे प्रतिज्ञापत्र क्लर्ककडे नोंदवून पाच वर्षं झाली की टेक्सासचं कोर्ट त्यातल्या गोष्टी प्रथमदर्शनी खऱ्या धरतं, पण कंपन्या बऱ्याचदा त्याआधीच मान्य करतात.

आजीचं स्वतःचं मृत्युपत्र होतं पण ती शेवटी कोलोरॅडोत राहत होती, प्रोबेट तिथे झालं. इथे खूप लोक फसतात. कोलोरॅडोच्या कोर्टाने मृत्युपत्र मान्य केलं म्हणजे टेक्सासच्या जमिनीवर आपोआप नाव लागत नाही, मिनरल्स ही स्थावर मालमत्ता, ती जिथे आहे त्या राज्याचा आणि त्या काउंटीचा कागद लागतो. आमच्या केसमध्ये मृत्युपत्राच्या आणि प्रोबेट ऑर्डरच्या सर्टिफाइड कॉपी पेकोसला नोंदवून भागलं, बऱ्याच राज्यांत वेगळं जोडप्रोबेट करावं लागतं. तीन राज्यांत मिनरल्स असतील तर तिन्हीकडे बघायचं. आणि टेक्सासमध्ये मृत्युपत्र साधारण चार वर्षांच्या आत कोर्टात न्यावं लागतं, उशीर झाला तर मार्ग अगदी बंद होत नाही पण अरुंद होतो. मृत्युपत्रच नसेल तर राज्याचा वारसा कायदा लागतो आणि तो आपल्याला वाटतो तसा नसतो, वारसाने आलेली जमीन तिथे नवरा-बायकोची सामाईक धरत नाहीत, त्यामुळे विधवेला अशा जमिनीच्या एक तृतीयांशावर फक्त हयातीपुरता हक्क मिळतो, बाकी सगळं मुलांचं.

नाव लागेपर्यंत पैसे जातात कुठे? कंपनी ते बाजूला ठेवते, त्याला सस्पेन्स म्हणतात. आजी गेल्यावर आमचे चेक बंद झाले, आणि नेमक्या त्याच काळात दोन नव्या विहिरी सुरू झाल्या होत्या, म्हणजे पैसे साठत होते आणि आम्हाला पत्ताच नव्हता. कंपनीला फोन केला तर एक खातं दुसऱ्याकडे पाठवायचं, पत्ता जुनाच, तीन वेळा तेच कागद मागितले. शेवटी नोंदवलेल्या कागदांच्या प्रती, व्हॉल्यूम आणि पान नंबरसकट, रजिस्टर्ड पोस्टाने पाठवल्या तेव्हा काम झालं. ओनर रिलेशन्स नावाचा विभाग असतो, त्यांच्याशी तोंडी बोलू नका, सगळं लेखी ठेवा, प्रत्येक पत्रावर ओनर नंबर घाला. आणि मालक सापडलाच नाही तर तीन वर्षांनी हे पैसे बेवारस धरून राज्याकडे जमा करावे लागतात, टेक्सासमध्ये कम्प्ट्रोलरकडे, म्हणजे राज्याचा पैसा सांभाळणाऱ्या अधिकाऱ्याकडे. तिथल्या वेबसाइटवर नाव टाकून फुकट शोधता येतं. आजोबा-आजींची नावं, लग्नाआधीची आडनावं, चुकीची स्पेलिंगं, सगळी टाकून बघा. हे करून देतो म्हणून टक्केवारी मागणारे भेटतात, त्यांची गरज नाही.

नाव लागलं की कंपनीकडून डिव्हिजन ऑर्डर येते. एक-दोन पानांचा कागद, त्यावर विहिरीचं नाव, युनिट, आणि तुमचा दशांश. हा दशांश स्वतः तपासायचा, सूत्र सोपं आहे: तुमचे नेट एकर भागिले युनिटचे एकर, गुणिले लीजमधला, म्हणजे कंपनीशी केलेल्या खणण्याच्या करारातला, रॉयल्टीचा दर, म्हणजे विक्रीतला मालकाचा वाटा. आता विहिरी आडव्या खणतात, दोन-दोन मैल, त्यामुळे अनेक जमिनी एकत्र करून युनिट करतात. आमचं युनिट १,२८० एकरांचं. म्हणजे १० भागिले १,२८०, गुणिले ३/१६, उत्तर ०.००१४६४८४. कंपनीने पाठवलेला आकडा पहिल्यांदा याच्या निम्मा होता, कारण त्यांनी पणजोबांचे राखलेले मिनरल्स अर्ध्याऐवजी पाव धरले होते. आम्ही १९४८ च्या पानाची प्रत पाठवली, महिन्याभरात दुरुस्त होऊन आली. भांडावं लागलं नाही, फक्त आपल्याला आपला आकडा माहीत पाहिजे.

टेक्सासमध्ये सही होईपर्यंत कंपनी पैसे अडवून धरू शकते, म्हणून सही टाळत बसायचं नाही, पण कागद आधी वाचायचा, कारण डिव्हिजन ऑर्डरमध्ये लीजच्या अटी बदलणारं काही घुसवलेलं असू नये, कायद्याने तिला लीज बदलता येत नाही पण तुम्ही सही केल्यावर ती मागे घेईपर्यंत त्या आकड्याने पैसे येत राहतात.

जुने कागद वाचताना एक गंमतशीर अडचण येते. शंभर वर्षांपूर्वी रॉयल्टी सगळीकडे १/८ असायची, इतकी ठरलेली की लोकांना वाटायचं ती कायमच १/८ राहणार, त्यामुळे खरेदीखतात लिहायचे 'एक अष्टमांशाचा अर्धा'. आता गुणाकार केला तर १/१६. पण त्या काळात एक अष्टमांश म्हणजेच अख्खे मिनरल्स असं समजून लिहीत. टेक्सासच्या सुप्रीम कोर्टात १९२४ च्या अशा एका खरेदीखताचा वाद आला, २०२३ साली निकाल लागला की तो शब्दप्रयोग त्या काळच्या अर्थाने वाचायचा, म्हणजे अर्धा. एका वाक्याच्या अर्थाने आठपट फरक. तुमच्या घरातल्या कागदात अपूर्णांकाचा अपूर्णांक दिसला तर स्वतः गुणाकार करून मोकळे होऊ नका, ऑइल अँड गॅसचं काम करणाऱ्या वकिलालाच दाखवा, घरं-दुकानांचे व्यवहार करणाऱ्याला नाही.

आता पैशाचं बघू. समजा विहिरीतून महिन्याला २०,००० बॅरल तेल निघालं आणि भाव ७० डॉलर, म्हणजे १४ लाख डॉलर. त्यात आमचा दशांश लावला की २,०५० डॉलरच्या आसपास. त्यातून राज्याचा उत्पादन कर जातो, टेक्सासमध्ये तेलावर ४.६ टक्के आणि गॅसवर ७.५ टक्के, उरले साधारण १,९५६. ऐकायला मस्त. पण आडव्या विहिरीचं उत्पादन पहिल्या वर्षात निम्म्याहून जास्त घसरतं, हे कुणी आधी सांगत नाही. वर्षाने तीच विहीर ६,००० बॅरलवर आली की त्याच भावात कर जायच्या आधी ६१५ डॉलर. पहिले तीन-चार चेक बघून कुणी गाडीचा हप्ता ठरवला की अडकलाच. आणि भाव आपल्या हातात नाही, २० एप्रिल २०२० ला अमेरिकेत तेलाचा वायदा उणे ३७.६३ डॉलरवर बंद झाला होता, म्हणजे तेल घेऊन जायला पैसे द्यायची वेळ. सासूबाईंनी सोपा नियम केलाय, या पैशावर घरखर्च चालवायचा नाही, छप्पर, दात, नातवंडांची फी अशी एकेक कामं करायची.

स्टब वाचायला शिका, जेवढा वेळ विजेचं बिल बघायला देता तेवढा द्या. विहिरीचं नाव, महिना, तेल का गॅस, एकूण प्रमाण, भाव, तुमचा दशांश, कर, वजावटी, निव्वळ रक्कम. महिना बघताना लक्षात ठेवा की पैसे उशिरा येतात, नव्या विहिरीचा पहिला चेक पहिल्या विक्रीचा महिना संपल्यावर १२० दिवसांपर्यंत येऊ शकतो, नंतर तेलाचे ६० दिवसांत आणि गॅसचे ९० दिवसांत यायला हवेत. रक्कम १०० डॉलरच्या आत असली की साठवून वर्षातून एकदा पाठवतात, आजीचे ते एकेक स्टब म्हणूनच. एकूण प्रमाण खरं का हे राज्याच्या रेकॉर्डशी ताडून बघता येतं, टेक्सासमध्ये तेलावर देखरेख करणारी संस्था रेलरोड कमिशन, १८९१ ला रेल्वेसाठी स्थापन झाली, रेल्वेचं काम केव्हाच गेलं पण नाव तेच राहिलं. तिच्या वेबसाइटवर नकाशा आहे, आपल्या जमिनीवर कुठे विहीर आहे, कुठे नवं परमिट मागितलंय, सगळं दिसतं आणि फुकट. प्रत्येक विहिरीला एक एपीआय नंबर असतो, टेक्सासचा ४२ ने सुरू होतो, तो लिहून ठेवा.

वजावटी हा दुखरा भाग. गॅस गोळा करणं, दाबणं, साफ करणं, पाइपने नेणं, हा खर्च कंपन्या रॉयल्टीतून कापतात, आणि गॅसचा भाव पडलेला असेल तर कापून जवळजवळ काहीच उरत नाही, मी उणे आकड्याची ओळ स्वतः पाहिली आहे. कापायचा हक्क आहे का नाही हे लीजच्या शब्दांवर ठरतं. विहिरीच्या तोंडाशी असलेला बाजारभाव असे शब्द असतील तर टेक्सासमध्ये खर्च वजा होतो, १९९६ साली तिथल्या सुप्रीम कोर्टाने असं ठरवलं, आणि त्या लीजमध्ये खर्च कापायचा नाही असं वेगळं लिहिलेलं असूनही त्याचा उपयोग झाला नाही. म्हणून नवीन लीज करताना हे कलम वकिलाकडूनच लिहून घ्यायचं, छापील फॉर्मवर विश्वास नको.

लीजचं जरा समजून घ्या, कारण कित्येक घरांत मिनरल्स मोकळे असतात आणि लीजसाठी माणूस फोन करतो. लीज म्हणजे विक्री नाही, कंपनीला ठरावीक मुदतीत खणायची परवानगी. सही करताना एकरामागे एकरकमी बोनस मिळतो, मुदत सहसा तीन किंवा पाच वर्षं, आणि तेल निघालं तर निघतंय तोवर लीज चालू राहतं. रॉयल्टी पूर्वी १/८, आता चांगल्या भागात २० ते २५ टक्के मिळते. लोक बोनसवरच घासाघीस करतात कारण तो लगेच हातात येतो, पण तेल लागलं तर खरी रक्कम टक्केवारीत. वरचंच उदाहरण घ्या, ३/१६ ऐवजी २५ टक्के असते तर त्याच महिन्यात २,०५० च्या जागी २,७३४ डॉलर.

आम्हाला ते मागायची संधीच नव्हती. १९७८ साली आजीने लीज केलं, एक साधी उभी विहीर खणली गेली, ती कशीबशी ठिबकत राहिली, आणि त्या ठिबकण्यावर अख्खं लीज चाळीस वर्षं जिवंत राहिलं, वरच्या थरापासून खाली दहा हजार फुटांपर्यंत सगळं. तेच १७ डॉलर ४२ सेंट! त्यामुळे नवी कंपनी खोल आडव्या विहिरी खणायला आली तेव्हा नवा बोनस नाही, नवा दर नाही. हे टाळायला दोन कलमं लागतात. एक पू क्लॉज, युनिटच्या बाहेर राहिलेली जमीन मुदत संपली की सुटली पाहिजे, लुइझियानातल्या पू नावाच्या वकिलाने १९४७ साली ते पहिल्यांदा लिहिलं म्हणून हे नाव. दुसरं खोलीचं कलम, जिथपर्यंत विहीर गेली त्याखालचे थर सुटले पाहिजेत. लीजवर सही करायच्या आधी ही दोन नावं तोंडपाठ करा.

आता त्या ४०,००० च्या पत्राकडे येते. सोबतचा कागद होता मिनरल डीड, म्हणजे कायमचं खरेदीखत. पत्रात सगळीकडे ऑफर, पेमेंट असे गोड शब्द, पण डीडमध्ये एकदाच ग्रँट, सेल अँड कन्व्हे, की संपलं, पणजोबांनी राखलेलं एका सहीने गेलं. शिवाय त्या काउंटीतले सगळे मिनरल्स असं लिहिलं होतं, म्हणजे आपल्याला माहीत नसलेला एखादा तुकडा असला तर तोही त्याच किमतीत. आणि ड्राफ्ट म्हणजे चेक नव्हे, ते आधी टायटल तपासणार, ३० दिवसांनी पटलं तर पैसे देणार, तोवर तुमची सही केलेली डीड त्यांच्याकडे. हे बेकायदा नाही, ते लोक धंदा करतात. प्रश्न विचारायचा तो हा की आत्ताच का आले? आम्ही रेलरोड कमिशनच्या नकाशावर बघितलं तर आमच्या युनिटवर आणखी चार विहिरींची परमिटं पडलेली होती. त्यांना माहीत होतं, आम्हाला नव्हतं.

विकूच नये असं माझं म्हणणं नाही. वय झालंय, वारस नाहीत, हिस्सा पाच राज्यांत विखुरलेला, कागद सांभाळणारं कुणी नाही, तर विकणं शहाणपणाचं आहे, किंवा अर्धं विकून अर्धं ठेवता येतं. मामेसासऱ्यांनी त्यांचे १० एकर विकले, त्यांना पैशांची खरी गरज होती. पण आधी नाव लावून घेतलं, मग तीन-चार ठिकाणांहून भाव मागवले, आणि पहिल्या पत्रापेक्षा कितीतरी चांगली रक्कम मिळाली. मालकांची एक राष्ट्रीय संघटनाही आहे, नॅशनल असोसिएशन ऑफ रॉयल्टी ओनर्स, १९८० पासूनची, तिथल्या जुन्या लोकांकडून खूप शिकायला मिळतं.

टॅक्सचं थोडक्यात, पण यात पैसे वाचतात म्हणून नीट वाचा. वर्षअखेरीला कंपनी १०९९-मिस्क नावाचा वर्षभराच्या रॉयल्टीचा फॉर्म पाठवते, ती रॉयल्टी टॅक्स रिटर्नच्या शेड्यूल ई मध्ये दाखवायची, आणि एकूण रॉयल्टीच्या १५ टक्के डिप्लीशन म्हणून वजा मिळतं, कारण तुमची मालमत्ता हळूहळू संपतेय असं कायदा मानतो. लीजच्या बोनसवर ही १५ टक्क्यांची सूट नाही. स्टबवर कापलेला उत्पादन कर आणि खर्चही वजा करायचा, खूप जण नुसती हातात आलेली रक्कम दाखवतात आणि मग १०९९ शी जुळत नाही. टेक्सासमध्ये राज्याचा आयकर नाही, पण चालू विहिरीच्या मिनरल्सवर काउंटीचा मालमत्ता कर लागतो, किंमत ५०० डॉलरच्या आत असेल तर माफ. दुसरी मोठी गोष्ट, माणूस गेला त्या दिवसाची बाजार किंमत ही वारसाची खरेदी किंमत धरली जाते, पुढे विकलं तर वाढीवरच कर. त्यामुळे मृत्यूच्या तारखेची किंमत तेव्हाच एखाद्या मिनरल अप्रेझरकडून लेखी करून घ्या. दहा वर्षांनी ती काढणं अवघड. मामेसासऱ्यांनी विकलं तेव्हा त्या एका रिपोर्टमुळे कर अगदी थोडा बसला.

आणि वारस भारतात असेल तर? काका ह्यूस्टनला गेले आणि पुण्यातल्या पुतण्याच्या नावावर मिनरल्स आले, तर फेमाच्या, म्हणजे आपल्या परकीय चलनाच्या कायद्याच्या, कलम ६(४) प्रमाणे परदेशात राहणाऱ्याकडून वारसाने आलेली अशी मालमत्ता ठेवता येते, विकून टाकायची सक्ती नाही. कंपनीला डब्ल्यू-८बेन, म्हणजे मालक परदेशी आहे हे सांगणारा फॉर्म द्यायचा, मग ती एकूण रॉयल्टीतून ३० टक्के कापून बाकी पाठवते. दोन देशांतल्या करारात यावर कमी दर नाही, पण तिथे रिटर्न भरून निव्वळ उत्पन्नावर कर लावून घ्यायचा पर्याय आहे, वजावटी मोठ्या असतील तर तो फायद्याचा पडतो. हे उत्पन्न भारतातल्या रिटर्नमध्येही दाखवायचं, तिकडे भरलेल्या कराचं क्रेडिट घ्यायचं, आणि मालमत्ता परदेशी मालमत्तेच्या शेड्यूलमध्ये लिहायची, चेक १७ डॉलरचा असला तरी, कारण न दाखवल्यास २०१५ च्या काळ्या पैशाच्या कायद्यात १० लाख रुपये दंडाची तरतूद आहे. आणि अमेरिकेचा नागरिक किंवा रहिवासी नसलेला असा मालक गेला तर तिथल्या इस्टेट टॅक्ससाठी सूट फक्त ६०,००० डॉलरची, हे बऱ्याच सीएंनाही माहीत नसतं, दोन्हीकडचं कळणारा माणूस शोधा.

राहिला पुढच्या पिढीचा प्रश्न. सासूबाईंना तीन मुलं, म्हणजे १० चे साडेतीनसुद्धा नाहीत, त्यांच्या मुलांकडे आणखी तुकडे, आणि प्रत्येक मृत्यूला पुन्हा तेच प्रोबेट, तेच साक्षीदार. काही कुटुंबं एक एलएलसी, म्हणजे घरची छोटी कंपनी, किंवा ट्रस्ट करून सगळे मिनरल्स त्यात टाकतात, मग जमिनीच्या रेकॉर्डवर एकच नाव राहतं आणि वाटण्या आतल्या आत होतात. आमच्यासाठी वकिलाने साधा मार्ग सुचवला, ट्रान्सफर ऑन डेथ डीड, टेक्सासमध्ये २०१५ पासून चालतं, हयातीत मालक सासूबाईच, नंतर कोर्टात न जाता थेट मुलांच्या नावावर, फक्त तो कागद त्या जिवंत असतानाच काउंटीत नोंदवलेला पाहिजे. मसुदा तयार आहे. बुटांच्या खोक्याच्या जागी आता एक लाल फाइल आहे, १९४८ च्या पानाची प्रत सगळ्यात वर, मग त्या ८८ वर्षांच्या बाईंची सही असलेलं प्रतिज्ञापत्र, मग डिव्हिजन ऑर्डर, आणि शेवटच्या कप्प्यात आजीचे स्टब तसेच रबरबँडमध्ये. येत्या गुरुवारी नोटरीची वेळ घेतलीय, धाकटी नणंद गाडी चालवणार आहे, आणि शुक्रवारी तो कागद पेकोसला जाईल.